तहाचे कलम आणि दारव्ह्याचा भाव

शाळेत आपण तह शिकतो ते गुणांपुरते. कोण जिंकले, कोण हरले, कोणता मुलूख कोणाकडे गेला, एवढे लिहिले की काम भागते. डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला आणि तो निझामाच्या पदरात पडला, हे माझ्या पिढीने घोकून पाठ केले. पण त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल १८०२ मध्ये, निझाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात नुसत्या व्यापाराचा म्हणून एक करार झाला होता, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. त्या करारात तोफा नाहीत, घोडदळ नाही. आहे ते एवढेच की, एकमेकांच्या मुलखातून येणाऱ्या मालावर शेकडा ५ जकात घ्यावी आणि वाटेवरची रहदारी उठवावी. मला मात्र पुढेपुढे असे वाटू लागले की, आमच्या दारव्ह्याच्या कास्तकाराचे बरेवाईट देवगावच्या कलमांपेक्षा असल्या निरस कलमांनीच अधिक ठरवले.

रहदारी म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. मालाची बंडी किंवा बैलांचा तांडा ज्याच्या हद्दीतून जाई, तो जहागीरदार, तो देशमुख, तो नाकेवाला आपला हात पुढे करी. दारव्हा, दिग्रस, पुसदच्या परिसरात लमाणांचे तांडे आजही आहेत. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य लादून नेत आणि परतताना मीठ आणीत. ज्वारीचा एक पोता शंभर कोस जाईपर्यंत किती नाक्यांवर उतरायचा आणि प्रत्येक नाक्यावर त्याची किंमत किती चढायची, याचा विचार केला म्हणजे त्या काळी एका परगण्यात सुकाळ आणि शेजारच्या परगण्यात उपासमार का असे, ते कळते. कागदावर उठलेली ही रहदारी जमिनीवरून उठायला पुढे पुष्कळ काळ लागला. करार होणे आणि नाका उठणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा इतिहासाचा पहिला धडा.

अशा काळात कास्तकाराचा आधार होता तो पेवाचा. जमिनीत खोल खणलेले, कडब्याने अस्तर दिलेले हे धान्याचे तळघर आमच्या जुन्या वाड्यांतून असे. पीक चांगले आले की ज्वारी पेवात जायची. भाव पडला तर कास्तकार पेवाचे तोंड उघडतच नसे. पेव हे नुसते कोठार नव्हते; व्यापाऱ्याला 'आज नाही देत' असे म्हणण्याची ती ताकद होती.

१८५३ साली निझामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. लवकरच १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडच्या दक्षिणेचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्याकडे वळली. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोचली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला आले. अमेरिकेतले युद्ध १८६५ मध्येच संपून भाव कोसळले होते, पण वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला लागलेला कापसाचा नाद काही सुटला नाही.

आगगाडी आमच्या दारी यायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद लोहवाट सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, आणि कारभार किलिक निक्सन यांचा. कारंजा, दारव्हा, लाडखेड अशी ती रमतगमत जाई. लोक तिला प्रेमाने 'शकुंतला' म्हणू लागले. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत ओढायला ठेवले होते! ही गाडी पाहुण्यारावळ्यांसाठी घातलेली नव्हती. इकडची रुई मुंबईच्या धक्क्यावर पोचवायची, यासाठी ती आली. आणि ती आली तेव्हा कापसाची पेरणी वाढून ज्वारीची मागे हटू लागली होती. कापूस पेवात ठेवून खाता येत नाही. तो विकावाच लागतो, आणि घेणाऱ्याच्या भावाने विकावा लागतो.

आता भाव कसा ठरतो ते पाहा. आपण समजतो की दारव्ह्याच्या बाजारात हर्रास होतो आणि भाव निघतो. खरे म्हणजे भाव परदेशातल्या बंदरात निघतो आणि तेथून पायरीपायरीने खाली उतरतो. बंदरातल्या किमतीतून तिकडची जकात वजा, जहाजाचे भाडे वजा, रेल्वेचे भाडे वजा, जीन-प्रेसची मजुरी वजा, अडत वजा. उरेल ते कास्तकाराचे. मधले सगळे आपापला वाटा आधी काढून घेतात. जकात कागदावर कोणीही भरो, तिचा भार शेवटी त्याच्यावर पडतो ज्याला थांबता येत नाही.

याचे ढळढळीत उदाहरण १९३३ सालचे आहे. त्या काळी हिंदुस्थानच्या आखूड धाग्याच्या कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपान होते. वऱ्हाडचा कापूस त्याच जातीचा. इकडे जपानी कापडाने बाजार भरून गेले, तेव्हा दिल्ली सरकारने ब्रिटनखेरीज इतर देशांच्या साध्या सुती कापडावर जकात चढवत चढवत जून १९३३ मध्ये ७५ टक्क्यांवर नेली. जपानच्या गिरणीवाल्यांनी उत्तर दिले ते असे की, आम्ही तुमचा कापूसच घेणार नाही. गंमत पाहा! जकात कापडावर, भांडण गिरण्यांचे, आणि बहिष्कार पडला तो कापूस पिकवणाऱ्यावर.

पुढे सिमल्यास बोलणी बसली. हिंदुस्थानच्या बाजूने सर जोसेफ भोर होते. १९३४ साली करार झाला आणि त्यात एक नामी अट होती. जपानने वर्षाला १० लाख गाठी कापूस घ्यावा आणि ३२ कोटी ५० लाख वार कापड इकडे पाठवावे. १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वारांपर्यंत मुभा. जकातही ५० टक्क्यांवर आली. हा करार परकीय सरकारने आपल्या सोयीने केला, हे खरेच. परंतु त्यात एक गुण मान्य केलाच पाहिजे: आकडा आधी लिहिलेला होता. किती गाठी जातील, हे पेरणीच्या आधी कोणालाही वाचता येत होते.

स्वराज्यात या गोष्टी आपल्या हाती आल्या. करार आपले, जकात आपली. तरी जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहतो, आणि आता तो कापसाबरोबर तुरीचाही आहे. आमच्याकडे कपाशीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ असतेच. एक फसले तर दुसरे तारील, हा त्यातला हिशेब. डाळींची निर्यात सरकारने जून २००६ मध्ये बंद केली. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली आणि गृहिणींनी वरणात पाणी वाढवले. मग जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार झाला: पहिल्या वर्षी १ लाख टन तूर आणायची आणि पाचव्या वर्षापर्यंत ती २ लाख टनांवर न्यायची. त्या पावसाळ्यात भाव पाहून आमच्या कास्तकारांनीही तूर भरपूर पेरली. देशाचे पीक आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाले. हमीभाव बोनससह ५०५० रुपये क्विंटल, पण बाजारात भाव त्याच्या बराच खाली. सरकारी खरेदीला बारदाना पुरेना. खरेदी केंद्रांबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या.

आता तारखा लक्षात घ्या. परदेशी तुरीवर १० टक्के जकात बसली ती मार्च २०१७ च्या अखेरीस. आयातीवर मर्यादा आली ऑगस्टमध्ये. तुरीची निर्यात खुली झाली सप्टेंबरमध्ये. तूर खळ्यावरून उठते जानेवारी-फेब्रुवारीत. ज्याला थांबता आले नाही, त्याची तूर हे निर्णय येईपर्यंत केव्हाच विकली गेली होती. कापसाचेही तसेच. ५ मार्च २०१२ रोजी हंगाम चालू असताना निर्यात एकाएकी बंद झाली आणि आठवडाभरात तो निर्णय बदलावा लागला. २०२१ साली परदेशी कापसावर बसवलेला ११ टक्के कर १९ ऑगस्ट २०२५ रोजी उठवण्यात आला आणि ती सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे वेचणी तोंडावर आलेली असताना.

यावर कोणी म्हणेल, मग डाळ महाग होऊ द्यायची काय? गिरण्या बंद पाडायच्या काय? हा सवाल रास्त आहे. माझ्याच घरात एक भाऊ तूर पिकवतो आणि दुसरा शहरात ती विकत घेतो. दिवाळीला दोघे एका पंगतीला बसतात. एकाला भाव चढलेला हवा, दुसऱ्याला उतरलेला. सरकारला या दोघांचेही ऐकावे लागते आणि बाहेरच्या देशांना दिलेला शब्दही पाळावा लागतो. तेव्हा जकात असूच नये किंवा करार करूच नयेत, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, जे करायचे ते मृगाच्या आधी सांगावे. या वर्षी किती तूर बाहेरून येणार, कापसावर किती कर राहणार, निर्यात खुली की बंद, हे पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि वेचणी संपेपर्यंत मोडू नये. पाऊस बेभरवशाचा आहे, ते कास्तकाराने पिढ्यान्‌पिढ्या सोसले. सरकारी अधिसूचनाही पावसासारखीच अवेळी यावी, हे मात्र त्याने का सोसावे?

दुसरी गोष्ट पेवाची. जुनी पेवे बुजली, ती पुन्हा खणा असे मी सांगत नाही. पण बाजार समितीच्या किंवा वखार महामंडळाच्या गोदामात माल ठेवून त्यावर तारण कर्ज घेण्याची सोय आज आहे. ती जितक्या गावांत पोचेल, तितक्या कास्तकारांना 'आज नाही देत' हे वाक्य पुन्हा म्हणता येईल.

येत्या लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे वह्यांची पूजा होईल. पहिल्या पानावर शुभलाभ लिहिताना व्यापाऱ्याला ठाऊक असते की पुढच्या पानावर काय मांडायचे. आमच्या दारव्ह्याच्या कास्तकारालाही वर्षाच्या आरंभी तेवढे ठाऊक असावे, इतकीच या सणाच्या दिवशी वाचकांपुढे माझी मागणी आहे.