बांबू : गवत की झाड?

आमच्या धानपट्ट्यातल्या माणसाला बांबू म्हणजे काय, हे कुणी शिकवावं लागत नाही. आम्ही त्याला बास म्हणतो. घराचा कुड बासाचा, धानाची ढोली बासाची, सूप-टोपली बासाची. पावसाळ्यात कोवळे वास्ते निघाले की भाजीचा प्रश्न मिटला. आमचा आजा म्हणायचा, "जनमला तं सुपात, मेला तं तिरडीवर. बास काही सुटत नाई."

अशी ही घरोघरची वस्तू कायद्याच्या पुस्तकात मात्र 'झाड' होती. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने झाडाची व्याख्या करताना ताड, वेत यांच्या पंगतीत बांबूही बसवला. आता शेतकऱ्याने नुसतं पेरं पाहिलं, पोकळ नळी पाहिली, धानासारखं लांबट पान पाहिलं, तरी तो सांगेल की हे गवत आहे. वनस्पतीशास्त्रही तेच सांगतं. धान, ज्वारी, ऊस आणि बांबू एकाच कुळातले. पण इंग्रजांच्या कायद्याला शास्त्राशी देणंघेणं नव्हतं. त्यांना पाहायचं होतं ते जंगलातून निघणाऱ्या मालावर ताबा कुणाचा, एवढंच.

एका शब्दाने काय फरक पडतो, असं कुणाला वाटेल. फार पडतो. झाड म्हटलं की त्याचं लाकूड होतं आणि लाकूड म्हटलं की ते सरकारी होतं. ते तोडायला परवानगी, न्यायला वाहतूक परवाना. त्या परवान्याला आमच्याकडे सगळे 'टीपी' म्हणतात. टीपी नसेल तर माल नाक्यावर अडला. गावाला घरवापरासाठी निस्ताराचा बांबू मिळे, पण विकायचा हक्क नव्हता. दुसरीकडे कागद गिरण्यांना जंगलंच्या जंगलं लांब मुदतीच्या ठेक्याने दिली जात. बुरडाला टोपलीपुरत्या बांबूसाठी रांग, आणि गिरणीला ट्रकांची रांग. हा काही एका गावाचा किंवा एका अधिकाऱ्याचा दोष नव्हता. धोरणच तसं होतं.

१९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा निघाला. त्याच सुमारास इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम या दोन मोठ्या धरणांचं घाटत होतं. त्यात जंगलं आणि गावं बुडणार होती. बाबा आमट्यांच्या पुढाकाराने 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं आणि धरणं मागे पडली. पण काही गावांनी आंदोलन संपल्यावर पुढचा प्रश्न विचारला : जंगल वाचलं खरं, पण ते आहे कुणाचं?

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे त्यातलं एक. गोंडांचं छोटंसं गाव. तिथले देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम करणारे मोहन हिराबाई हिरालाल ही नावं पुढे महाराष्ट्राला माहीत झाली. या गावाने दोन सवयी लावून घेतल्या. एक, ग्रामसभेत निर्णय सर्वांच्या संमतीनेच घ्यायचा. बहुमताचा हिशोब नाही. दुसरी, अभ्यासगट. म्हणजे कायदा, शासन निर्णय, योजना जे काही असेल ते मिळून वाचायचं, समजेपर्यंत बोलायचं. मोर्चा एका दिवसाचा असतो, वाचन वर्षानुवर्षं चालतं.

१९९२ मध्ये राज्य सरकारने संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय काढला. तो मुळात उजाड झालेल्या वनांसाठी. मेंढ्याचं जंगल राखलेलं, म्हणून योजनेत बसेना! जंगल सांभाळल्याची जणू शिक्षाच. तरी गावाने पिच्छा सोडला नाही आणि योजनेत जागा मिळवली.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. त्यात बांबूचं स्पष्ट नाव घेऊन त्याला गौण वनोपज म्हटलं आहे आणि गौण वनोपज गोळा करायचा, विकायचा हक्क गावाला दिला आहे. २००९ मध्ये मेंढा आणि मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशातल्या पहिल्यांपैकी ही गावं. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १८०० हेक्टर जंगल आलं.

कागद हातात आला, पण टीपी मिळेना. नवा कायदा बांबूला गौण वनोपज म्हणतो, जुना कायदा झाड म्हणतो; मग परवाना द्यायचा कुणी? हक्क दिल्लीने दिलेला आणि तो अडलेला नाक्यावर. अखेर मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की बांबू गौण वनोपजच मानावा. २७ एप्रिल २०११ ला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्याला आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केलं. परवाना आता गावच फाडणार! तेव्हापासून जिल्ह्यातल्या पुष्कळ ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या.

२०१७ मध्ये १९२७ च्या कायद्यातली व्याख्याही बदलली, तीही वनाबाहेरच्या बांबूपुरती. धुऱ्यावरचा बांबू नव्वद वर्षांनी झाडाच्या व्याख्येतून सुटला.

शहरातले लोक विचारतात, "गावाच्या हाती दिलं तर जंगल उरेल का?" प्रश्न रास्त आहे. बांबूचं रांजी नीट छाटलं, यंदाचा कोंब राखला, तर ते पुन्हा फुटतं. ओरबाडलं तर संपतं. हे काम नियमानेच होतं, आणि नियम ज्याने केला त्याने पाळण्याची शक्यता जास्त. पण नुसता हक्क मिळाला की सगळं साधलं, असंही नाही. पैसा आला की ठेकेदार येतो, हिशोब येतो, भाऊबंदकी येते. म्हणून ज्या गावाकडे आज वनहक्काचा कागद आहे, त्या गावाने तो पेटीत ठेवून चालणार नाही. टीपीचं पुस्तक कुणाच्या घरी आहे आणि यंदाच्या विक्रीचा हिशोब ग्रामसभेत मोठ्याने कोण वाचतं, हे म्हाताऱ्यापासून सुनेपर्यंत सगळ्यांना ठाऊक असलं पाहिजे. मेंढ्याकडून घ्यायचं ते हेच.