नंबरही आणि ढालही : डोळे राखणाऱ्या चष्म्याची कुळकथा

मुक्ताईनगरहून महामार्गाने भुसावळकडे निघाले की वाटेत वरणगाव लागते. तिथली आयुध निर्माणी १९६४ सालची. लहान शस्त्रांची काडतुसे ही तिची ओळख. भुसावळला १९४९ सालची दुसरी आयुध निर्माणी आहे, रेल्वेचे कारखाने आहेत. पितळ, पत्रा आणि लोखंड यांच्यावर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटतात. अशा घरातला कारागीर चाळिशीला पोहोचला, की त्याच्यापुढे एक पेच उभा राहतो. मापाची बारीक रेघ दिसायला नंबरचा चष्मा हवा आणि ग्राइंडरच्या ठिणग्या अडवायला गॉगल हवा. दोन्ही एकावर एक चढवले तर चष्मा नाकात रुततो, गॉगल कानशिलाशी फटीत उघडा राहतो. मग दोहोंतला एक काढून ठेवला जातो, आणि बहुतेक वेळा तो गॉगलच असतो.

हाच पेच एअरसॉफ्ट खेळणाऱ्यांनाही सोडवावा लागला. खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या बंदुकीतून ६ मिलिमीटरच्या प्लॅस्टिक गोळ्या झाडायच्या, असा हा खेळ. जपानमध्ये सामान्य माणसाला खरी बंदूक मिळणे जवळपास अशक्य. तिथे १९७० च्या दशकात तो रुजला. १९९१ मध्ये टोकियो मारुई कंपनीने विजेवर चालणारी बंदूक आणली आणि खेळ जगभर पसरला. नंबर असलेल्या खेळाडूसाठी आज जो चष्मा मिळतो, त्याच्यामागे भट्टी, युद्ध, विमान आणि रसायनशाळा अशा चार घरांचा वारसा आहे.

चष्मा जन्मला तेराव्या शतकाच्या शेवटी, इटलीत. पुढची सहाशे वर्षे त्याचे काम एकच होते : दिसायला मदत करणे. डोळा वाचवणे त्याच्या गावीही नव्हते. उलट, आघात झाला तर भिंगाची काच फुटून तिचेच तुकडे डोळ्यात जात.

ढालीचे घराणे वेगळे, आणि ते कामगारांच्या वस्तीत वाढले. अमेरिकेत १८८० मध्ये पॉवेल जॉन्सन यांनी भट्टीसमोर काम करणाऱ्यांचे डोळे झाकणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये काच कारखान्यांतल्या कामगारांना अकाली मोतीबिंदू होतो, हे लक्षात आल्यावर रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रूक्स यांनी शेकडो प्रकारच्या काचा तपासल्या आणि उष्णता व अतिनील किरण अडवणाऱ्या काचांवरचे काम १९१४ मध्ये प्रसिद्ध केले. वेल्डिंगच्या काळ्या काचेचे पूर्वज इथे सापडतात. पण क्रूक्स यांची काच प्रकाश अडवी, उडालेला कण नाही.

कण अडवण्याची वाट एका फुटलेल्या चंबूने दाखवली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून १९०३ मध्ये काचेचा चंबू पडला. तो तडकला, पण तुकडे विखुरले नाहीत; आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थराने ते धरून ठेवले होते. दोन काचांमध्ये असा थर घातलेली काच पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या गॅस मुखवट्यांच्या खिडक्यांमध्ये बसली.

त्या मुखवट्याने नंबरवाल्यांची अडचण पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उघडी पाडली. मुखवटा चेहऱ्याला घट्ट चिकटला तरच विषारी वायू बाहेर राहणार. चष्म्याच्या दांड्या त्या चिकटपणाला फट पाडणार. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने यावर खास चष्मा काढला. त्याच्या दांड्या फितीसारख्या चपट्या होत्या, म्हणजे मुखवट्याची कड त्यांच्यावरून सपाट बसे. पुढे दांड्याच गेल्या आणि नंबरची भिंगे एका छोट्या चौकटीत बसवून ती मुखवट्याच्या आत अडकवली जाऊ लागली. आज एअरसॉफ्टच्या गॉगलमध्ये जी चौकट बसते आणि जिला खेळाडू ‘इन्सर्ट’ म्हणतात, ती या मुखवट्यातल्या चौकटीचीच वंशज.

त्याच युद्धात डोळा आणि प्लॅस्टिक यांची एक वेगळीच गाठ पडली. १५ ऑगस्ट १९४० रोजी ब्रिटिश वैमानिक गॉर्डन क्लीव्हर यांच्या हरिकेन विमानावर गोळ्या लागल्या आणि छताच्या ॲक्रिलिकचे तुकडे त्यांच्या डोळ्यांत घुसले. एक डोळा कायमचा गेला. पण त्यांना तपासणारे नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडले यांना दिसले, की आत राहिलेल्या तुकड्यांना डोळा फारसा विरोध करत नाही. त्यातून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसले. आज खान्देशातल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत जे भिंग बसते, त्याचा उगम एका वैमानिकाच्या जखमेत आहे. गॉगल करणाऱ्यांनी मात्र या घटनेतून दुसरा प्रश्न घ्यायला हवा होता : न फुटणारे पारदर्शक प्लॅस्टिक कोणते?

लगेच मिळालेले उत्तर अर्धे होते. १९४० मध्ये अमेरिकेत ‘कोलंबिया रेझिन ३९’ म्हणजे सीआर-३९ हे प्लॅस्टिक तयार झाले. युद्धात ते बॉम्बफेकी विमानांच्या इंधन टाक्यांसाठी वापरले गेले आणि १९४७ पासून कॅलिफोर्नियात त्याची चष्म्याची भिंगे होऊ लागली. आपल्याकडे दुकानात ‘फायबर काच’ म्हणून मिळते ती बहुधा हीच. काचेपेक्षा ती हलकी आणि टिकाऊ असते, पण वेगाने आलेल्या कणाने तीही फुटते.

पूर्ण उत्तर १९५३ मध्ये दोन देशांत एकाच वेळी सापडले. जर्मनीत बायर कंपनीचे हेरमान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांना न कळता पॉलीकार्बोनेट बनवले. फॉक्स तारांवर देण्यासाठी आवरण शोधत होते. काचपात्रात घट्ट झालेला गोळा काही केल्या फुटेना. पेटंटचा मान बायरला मिळाला, पण दोन्ही कंपन्यांनी आधीच समझोता केल्याने उत्पादन दोघांनीही केले. या प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या आघात झाला की तुटण्याऐवजी सरकतात, त्यामुळे भिंग चेपते पण तुकडे होत नाहीत. चंद्रावर गेलेल्या अपोलो अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाचा पारदर्शक घुमट याचाच होता. १९७० च्या दशकात पॉलीकार्बोनेट कारखान्यातल्या सुरक्षा चष्म्यांत आले आणि पुढच्या दशकात त्यावर नंबरही घासला जाऊ लागला. दोन घराणी एका भिंगात आली ती इथे.

भारतात कायदा या भिंगाच्या आधी आला. कारखाने अधिनियम, १९४८ हा १ एप्रिल १९४९ पासून २०२५ पर्यंत लागू होता. त्याच्या कलम ३५ नुसार कामात कण उडत असतील किंवा डोळे दिपवणारा प्रकाश असेल, तर परिणामकारक पडदे किंवा योग्य गॉगल देण्याचा नियम राज्य सरकार करू शकत होते. आणि हे संरक्षण काम करणाऱ्याइतकेच त्याच्या लगत उभ्या असलेल्यालाही होते. भारतीय मानक आयएस ५९८३ डोळ्यांच्या संरक्षकांसाठीच आहे. रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानात, शटरच्या आत-बाहेर खेळणाऱ्या मुलांपर्यंत मात्र हे कलम पोहोचत नव्हते, आणि डोळे तिथेही तितकेच नाजूक असतात.

खेळाडूंनी गॉगल उचलला तो कारखान्यातूनच. झाडांवर आणि गुरांवर रंगाच्या खुणा करणाऱ्या बंदुका घेऊन २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये १२ जण पेंटबॉलचा पहिला डाव खेळले, तेव्हा डोळ्यांवर कामगारांचेच गॉगल होते. खेळाची ताकद वेगळी आहे, हे नंतर उमगत गेले.

ती ताकद आकड्यांत मांडता येते. एअरसॉफ्टची ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली, तर तिची ऊर्जा १ ज्यूल भरते. ईएन १६६ या जुन्या युरोपीय मानकात चष्म्याला मिळू शकणारा सर्वांत वरचा दर्जा ‘एफ’ होता, त्यासाठी ०.८६ ग्रॅमचा पोलादी छर्रा सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारत, म्हणजे सुमारे ०.८७ ज्यूल. चाचणीचा आघात खेळातल्या आघातापेक्षा कमी पडला. गॉगलच्या ‘बी’ दर्जाला तोच छर्रा १२० मीटर वेगाने येई : ६ ज्यूलहून अधिक. काही एअरसॉफ्ट बंदुका २ ज्यूलच्याही पुढे जातात, म्हणून चारही बाजूंनी बंद गॉगलच हवा. अमेरिकेत या खेळासाठी एएसटीएम एफ २८७९ हे स्वतंत्र मानकच आहे. गोळी उघड्या डोळ्यावर लागली तर डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साचू शकते आणि पुढे काचबिंदूचाही धोका राहतो. जाळीचा गॉगल वाफ धरत नाही, पण फुटलेल्या गोळीचा तुकडा जाळीतून आत येऊ शकतो.

नंबरवाल्यापुढे मग तीन वाटा उरतात. पहिली, चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल. ही स्वस्त, पण आतला चष्मा आणि बाहेरचे भिंग दोन्ही वाफेने भरतात. दुसरी, इन्सर्ट. नंबर बदलला तर फक्त आतली भिंगे बदलतात आणि आघात झेलायला बाहेरची ढाल शाबूत राहते. जास्त नंबर असलेल्यांना ही अधिक सोयीची, कारण चेहऱ्याला वळसा घालणाऱ्या बाकदार भिंगात मोठा नंबर घासला तर कडेचे दृश्य वाकडे दिसते. तिसरी वाट, थेट नंबर घातलेले पॉलीकार्बोनेट. त्यावर चरे लवकर पडतात, कडेला किंचित रंगीत झाक दिसते आणि ॲसिटोनने ते खराब होते. २००१ मध्ये बाजारात आलेले ट्रायव्हेक्स या बाबतीत सरस आहे आणि वजनालाही हलके.

कारागिरासाठीही वाटा याच. मुक्ताईनगर असो, भुसावळ असो की जळगाव, दुकानात नंबर सांगताना ‘फायबर नको, पॉलीकार्बोनेट द्या’ एवढे आवर्जून म्हणावे, आणि भिंगाइतकीच फ्रेमही तपासावी. साध्या फ्रेममधून मजबूत भिंगसुद्धा आघाताने निसटून डोळ्यावर आदळते. अमेरिकन मानकाच्या फ्रेमवर ‘झेड ८७-२+’ अशी खूण कोरलेली असते. त्यातला २ चा आकडा सांगतो, की ही फ्रेम नंबरच्या भिंगांसह आघाताला उतरते. अधिकचे चिन्ह वेगाने येणाऱ्या कणाच्या चाचणीचे. बाजूच्या झडपा वेगळ्या मिळत असतील तर त्याही सोबतच घ्याव्यात, कारण ग्राइंडरचा कण बहुधा कडेनेच आत शिरतो.