बटण दाबा, वेळ बघा

आमच्या नाशकात एके काळी वेळ बघायला दोन हात लागत. एका हातावर घड्याळ आणि दुसऱ्या हातानं त्याचं बटण दाबायचं. बसच्या दांड्याला लोंबकळणाऱ्या गृहस्थाला कुणी 'किती वाजले हो?' म्हणून विचारलं, तर बिचाऱ्यानं आधी जीव धोक्यात घालायचा आणि मग 'सव्वादहा' म्हणायचं. असली घड्याळं दहा-पाच जणांकडेच होती म्हणून बरं, नाहीतर वेळ बघण्यापायी माणसं दगावली असती.

घड्याळ एलईडीचं. काटे नाहीत, तबकडी नाही, नुसता काळपट लाल काचेचा चौकोन. बटण दाबलं की आत लालभडक आकडे पेटायचे आणि लगेच विझायचे. कायम पेटते ठेवले तर सेल बघता बघता संपला असता.

याचं मूळ अमेरिकेत. निक होलोन्याक या संशोधकानं १९६२ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये डोळ्यांना दिसेल असा लाल उजेड देणारा डायोड केला. त्यावर चालणारं घड्याळ हॅमिल्टन कंपनीनं १९७० साली लोकांना दाखवलं आणि १९७२ साली विकायला काढलं. नाव पल्सर. (हे नाव ऐकून आमचा नातू 'कितीचं ॲव्हरेज देते?' म्हणतो.) सोन्याचं होतं, किंमत २१०० डॉलर! म्हणजे त्या वेळचे पंधरा हजारांवर रुपये. तेवढ्यात अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दोन मुलींची लग्नं उरकली असती. त्यांनी ताईचं एकच केलं, आणि तेही पुष्कळच स्वस्तात. पुढच्याच वर्षी जेम्स बाँडच्या सिनेमात रॉजर मूरच्या मनगटावर ते घड्याळ झळकलं, आणि मग काय विचारता!

आमच्या घरी ते आलं १९७८ साली. दाजींनी मस्कतहून अण्णांसाठी आणलं होतं. ते पल्सर नव्हे, दुसरंच कुठलंसं. पण 'लेकीच्या घरचं घ्यायचं नसतं,' म्हणून अण्णांनी आपल्या एचएमटीला चार चाव्या जास्त दिल्या आणि हे माझ्याकडे सरकवलं. मेहुण्यानं घेतलं तर चालतं, असं शास्त्र मी तिथल्या तिथे काढलं.

महिनाभर मी मेनरोडवरून रात्री मुद्दाम अंधारात फिरलो. एक दिवस पाणी भरताना हात हापशाच्या दांड्यावर आपटला आणि काचेचे तीन तुकडे झाले. दुसऱ्याच आठवड्यात पत्र आलं, दाजी रजेवर येताहेत.

भद्रकालीत एक म्हातारे घड्याळजी बसत. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांच्या खणांत एचएमटीच्या काचा होत्या, फेवर ल्युबाच्या होत्या, पण सगळ्या गोल. चौकोनी आणि लाल एकही नाही. त्यांनी पांढऱ्या ॲक्रिलिकचा तुकडा कापून, कडा घासून नेटका बसवून दिला. दुकानात आकडे झकास दिसले. रविवार कारंजावर उन्हात आलो, बटण दाबलं, तर काही नाही! तळव्याची ओंजळ करून आत डोळा घातला तेव्हा कुठे पावणेबारा दिसले.

मग मी डोकं चालवलं. लाल नाही तर हिरवी! शालिमारच्या फुटपाथवरून हिरव्या काचेचा गॉगल घेतला, त्याची काच चाचांकडून कापून बसवली. घड्याळ दिसायला राजबिंडं, पण वेळ पार गेली. उन्हात नाही, सावलीत नाही, पांघरुणातसुद्धा नाही!

चाचा भिंग काढून म्हणाले, "बेटा, हे झाकण नाही. गाळणी आहे."

शाळेत भौतिकशास्त्राच्या तासाला जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तिथे शिरलं. लाल काच फक्त लाल उजेड जाऊ देते. बाहेरचं ऊन आत जाताना एकदा गाळलं जातं आणि परत येताना दुसऱ्यांदा, आकड्यांचा लाल उजेड मात्र सुखरूप बाहेर येतो. म्हणून तो चौकोन एरवी काळा दिसतो आणि आकडे उठून दिसतात. हिरवी काच नेमका लालच अडवते. म्हणजे मी घड्याळाच्या तोंडावर चिकटपट्टीच मारली होती म्हणा ना.

दाजी यायला दोन दिवस उरले होते. चाचांचा पुतण्या गॅरेजमध्ये कामाला होता. त्यानं एका स्कूटरचा फुटका टेललाइट आणून दिला. चाचांनी त्यातला सपाट तुकडा कापला, आतल्या रेघा पॉलिशपेपरनं घासून काढल्या, ब्रासोनं चकाकी आणली. भर उन्हात अकरा वाजून वीस मिनिटं अशी लखलखली की चाचाच म्हणाले, "वा!"

दाजींनी आल्या आल्या माझा हात धरला, बटण दाबलं, बराच वेळ पाहिलं. बोलले काही नाहीत. मलाही धीर झाला नाही.

पुढे पंधरा-वीस वर्षांनी, दाजी कायमचे परत आल्यावर, गच्चीवर विषय निघाला. तोवर एलईडी घड्याळं कधीच गेली होती. अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९७६ साली प्लॅस्टिकच्या केसमधलं घड्याळ २० डॉलरला काढलं, वर्षभरात ते १० डॉलरवर आणलं. २१०० चे १०, पाच वर्षांत! त्यात सदैव वेळ दाखवणारी एलसीडी आली, मग बटण कोण दाबतो?

"ढिगातलं होतं रे ते," दाजी म्हणाले. "आम्ही एका खोलीत आठ जण राहायचो. मी फिटर. तुम्ही सगळे साहेब समजायचात. अण्णांनी घेतलं नाही, तेव्हा वाटलं, त्यांना किंमत कळली."

अण्णांना कसली कळणार किंमत! पण ते सांगायला आता अण्णा नव्हते. लेकीच्या घरच्या वस्तूचं सगळं मीच दाजींना समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग मीही टेललाइटचं कबूल करून टाकलं.

"कुठल्या स्कूटरचा?"

"चेतकचा."

त्या काळी चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे.

"अरे," दाजी म्हणाले, "मग घड्याळापेक्षा काचच भारी झाली की!"