बाटलीतले पाणी आणि मुलाचे वजन

सलाईन हा शब्द भंडारा जिल्ह्यात डॉक्टरांपेक्षा रुग्णांच्या तोंडीच अधिक ऐकू येतो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत थकलेला माणूस दवाखान्यात येतो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावून द्या." अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे 100 कॅलरी. एक पोळी खाल्ली तरी तेवढ्या मिळतात. धडधाकट मोठ्या माणसाचे यात बहुधा खिशापलीकडे नुकसान होत नाही. मुलाचे तसे नाही. दहा किलोच्या बाळाच्या अंगात रक्तच सुमारे 800 मिलिलिटर असते. अर्ध्या लिटरची तीच बाटली तासाभरात त्याच्या शिरेत गेली तर काय होईल, हे गणित विद्यार्थ्यांनाही करता येईल.

शिरेतून पाणी देण्याची कल्पना पटकीने जन्माला घातली. 1817 मध्ये बंगालातून पसरलेली साथ 1818 मध्ये नागपूरपर्यंत आली. भंडारा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. पुढे 1831 मध्ये पटकी इंग्लंडात पोचली. विल्यम ओशॉनेसी या बावीस वर्षांच्या आयरिश डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यातले पाणी व क्षार घटल्याचे दाखवून दिले. मे 1832 मध्ये स्कॉटलंडमधील लीथच्या थॉमस लाटा यांनी मरणासन्न रोग्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. काही रोगी उठून बसले. पण निर्जंतुक पाणी म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे ही पद्धत मागे पडली. ओशॉनेसी 1833 मध्ये कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आले आणि भारतात त्यांचे नाव झाले ते तारायंत्रामुळे! पटकीच्या माहेरघरी येऊनही त्यांच्या हातून हे काम पुढे गेले नाही, याची आम्हाला हळहळ वाटते.

मुलांना रोज किती पाणी द्यावे याचे सोपे सूत्र 1957 मध्ये माल्कम हॉलिडे आणि विल्यम सीगर या अमेरिकी डॉक्टरांनी दिले. पहिल्या दहा किलोंना दर किलोमागे 100 मिलि, पुढच्या दहांना 50, त्यापुढे 20. आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी हे पाठ करतो. पाण्याचे हे माप चांगले टिकले. मिठाचे मात्र त्यांनी निरोगी बाळाच्या दुधातील प्रमाणावरून ठरवले होते. त्यातून फार कमी मिठाची द्रावणे प्रचारात आली. रक्तातील सोडियम लिटरला 135 ते 145 एकक (मिलिइक्विव्हॅलंट) असते. साध्या सलाईनमध्ये ते 154 असते, तर आपल्याकडे मुलांसाठी म्हणून वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या आयसोलाइट-पी मध्ये सुमारे 25.

निरोगी मूल जास्तीचे पाणी लघवीवाटे टाकून देते. पण ताप, वेदना, उलट्या, न्यूमोनिया, शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असले की मेंदूतून लघवी रोखणारे संप्रेरक स्रवते. मग बाटलीतले पाणी अंगातच राहते, रक्त पातळ होते आणि पाणी पेशींत शिरते. वर्गात परासरण शिकवताना साध्या पाण्यात मनुका टाकून आपण त्या फुगताना दाखवतो, तेच येथे घडते. फरक एवढाच, की मनुकेला फुगायला जागा असते आणि मेंदू कवटीत बंद असतो. झटके येतात, श्वास थांबू शकतो.

अशा सोळा मुलांची हकिगत 1992 मध्ये ॲरिफ आणि सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडली. 2003 मध्ये मॉरिट्झ व आयुस यांनी सुचवले की मुलांना रक्ताइतक्याच खारटपणाचे द्रावण द्यावे. ब्रिटनमध्ये 2007 साली 0.18 टक्के मिठाचे द्रावण मुलांच्या साध्या वॉर्डांतून काढण्याचा आदेश निघाला. अमेरिकी बालरोग अकादमीने 28 दिवसांपासून 18 वर्षांपर्यंतच्या बहुतेक मुलांसाठी हीच शिफारस 2018 मध्ये केली. म्हणजे 1957 नंतर एकसष्ट वर्षांनी! उत्तर आयर्लंडमध्ये पाच मुलांच्या मृत्यूंची चौकशी 2004 मध्ये सुरू झाली, तिचा अहवालही 2018 मध्येच आला.

आता तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूर अशा गावी रात्रपाळीला असलेल्या तरुण डॉक्टरचा विचार करू. बालरोगशास्त्र हा एमबीबीएसच्या परीक्षेत स्वतंत्र विषय झाला तो 1997 च्या नियमावलीने. 2019 च्या अभ्यासक्रमात मुलांचे पाणी व क्षार हा वेगळा भाग आला, आणि शिरेत सुई बसवण्याचा सराव प्रतिकृतीवर करणेही. पण सुई बसवणे हा कामाचा सोपा भाग आहे. जुलाबाने गलितगात्र झालेल्या बाळाला पहिल्या तासात किलोमागे 30 मिलि वेगाने द्यावेच लागते. उलट, केनिया, युगांडा आणि टांझानियातील 3141 तापाच्या गंभीर मुलांवरील 2011 च्या चाचणीत भरभर पाणी दिलेल्या गटात मृत्यू अधिक झाले: 7.3 टक्क्यांच्या जागी साडेदहाच्या आसपास. जुलाबाची मुले त्या चाचणीत नव्हती. समोरचे मूल कोणत्या गटातले, हे ओळखणे हेच खरे शिक्षण.

आपल्या भागात आणखी एक पेच आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली. भंडाऱ्यातही हा आजार आढळतो. सिकलसेलच्या मुलाचे मूत्रपिंड पाणी राखू शकत नाही. पाणी कमी पडले की पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन वेदना उसळतात. फार दिले तर फुप्फुसावर ताण येतो.

म्हणून शिकवायचे ते असे: आधी वजन करा. 'एक बाटली लावा' असे कधीही लिहू नका, तासाला किती मिलि ते लिहा. बारीक थेंबांच्या संचात 60 थेंबांचा एक मिलि होतो, त्यामुळे तासाचे मिलि म्हणजेच मिनिटाचे थेंब. निदान चोवीस तासांत एकदा सोडियम तपासा. सोय नसेल तर पुन्हा वजन करा, कारण साचलेले पाणी काट्यावर दिसते. आणि मूल पिऊ लागले की नळी काढा. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो लोक वाचवले होते.

तिसरीतल्या 22 किलोच्या मुलाचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्या: 1000, अधिक 500, अधिक 40. दिवसाला 1540 मिलि, तासाला 64. लघवी रोखणारे संप्रेरक वाढल्याची शंका असेल तर ब्रिटनची 2015 ची मार्गदर्शिका यातले 50 ते 80 टक्केच द्यायला सांगते, म्हणजे तासाला 32 ते 51.