नाण्यावरचे साल

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी डबीतला जुना बंदा रुपया बाहेर निघतो. त्याला हळदकुंकू लागते, फूल वाहिले जाते, लाह्याबत्ताशांचा नैवेद्य होतो. आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा डबीत जातो. आजोबांच्या हातचा म्हणून त्याचा केवढा मान! पण त्याच्यावर साल कोणते आहे असे विचारा. घरातल्या पोरांना सांगता येणार नाही, आणि थोरांनाही नाही.

एका माणसाने मात्र सापडलेल्या नाण्यांवरचे साल वाचले. त्यातून जवळजवळ अडीचशे वर्षे विस्मृतीत गेलेली एक शोककथा उजेडात आली. ती हकिगत अमेरिकेतल्या फ्लोरिडा प्रांताच्या पूर्व किनाऱ्यावरची आहे.

24 जुलै 1715 रोजी क्यूबातल्या हवाना बंदरातून बारा गलबतांचा तांडा युरोपकडे निघाला. अकरा स्पेनची, एक फ्रान्सचे. तळघरांत मेक्सिको आणि पेरूची चांदी होती, सोने होते, जडजवाहीर होते. पूर्वेकडून आलेली चिनी मातीची नाजूक भांडीही होती. राजा पाचवा फिलिप या संपत्तीकडे डोळे लावून बसला होता. गादीच्या वारशासाठी चाललेले दीर्घ युद्ध नुकतेच संपले होते आणि स्पेनचा खजिना रिता झाला होता. तांड्याला आधीच फार उशीर झालेला. वादळांचा हंगाम तोंडावर आला असतानाही सरसेनापती उबिया याने शिडे सोडली.

सातव्या दिवशी घात झाला. 30 जुलैच्या रात्री चक्रीवादळाने तांड्याला गाठले आणि उजाडायच्या आत स्पेनची अकराही गलबते किनाऱ्यालगतच्या खडकांवर फुटली. फ्रेंच गलबत तेवढे वाचले. सुमारे अडीच हजार माणसांपैकी हजारभर बुडाली. त्यांत उबियाही होता. उरलेली अर्धमेली माणसे त्या उजाड वाळूवर उन्हातान्हात मदतीची वाट पाहत बसली. सोने पायाशी, समुद्राच्या तळाशी होते. पण त्या घटकेला घोटभर गोड्या पाण्यापुढे त्याची काय किंमत?

पुढे हवानाहून माणसे आली. किनाऱ्यावर छावणी पडली, पाणबुडे लावले आणि संपत्तीचा बराच मोठा भाग वर काढला. वास लागल्याप्रमाणे चाचेही आले. जमेकाहून आलेल्या हेन्री जेनिंग्ज याने ही छावणीच लुटली. काही वर्षांनी स्पेनने हे काम सोडले. वाळूने सारे झाकून टाकले, आणि माणसे विसरली.

समुद्र मात्र विसरला नव्हता. पावसाळ्यात किनारा कसा खचतो आणि दिवाळीनंतर पुन्हा कसा भरून येतो, हे कोकणात राहिलेल्यांना सांगायला नको. तिथेही तसेच. वादळाच्या लाटा वाळू खरवडून नेतात. हलकी वाळू जाते, जड धातू मागे राहतो. कधी फुटक्या गलबतांतला ऐवजही लाटांबरोबर काठाला येऊन पडतो. चार दिवसांत वाळू परत येते आणि पुन्हा काही दिसेनासे होते.

ही नाणी आपल्या कल्पनेतल्यासारखी वाटोळी नसत. चांदीच्या कांबीचे तुकडे पाडायचे, वजन करायचे आणि हातोड्याने छाप मारायचा. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला राजचिन्ह. ‘आठ रियाल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या नाण्यात सुमारे 27 ग्रॅम वजन भरे. आपल्या मोगली रुपयाच्या दुपटीहून अधिक. आपल्यालाही ते परके नव्हते. युरोपीय व्यापाऱ्यांची जहाजे हे रियाल सुरतेला आणीत आणि तिथल्या टांकसाळीत ते वितळवून रुपये पाडले जात. शिवाजी महाराजांनी 1664 आणि 1670 साली जी सुरत लुटली, तिच्या पेढ्यांवरच्या वैभवामागे ही दूरदेशची चांदीही होती. पण समुद्रात राहून हे नाणे काळे पडते. मग ते नाणे नव्हे, पाटीचा फुटका तुकडा वाटते. किती पाय त्याच्यावरून गेले असतील!

1950 च्या सुमारास किप वॅग्नर नावाचा घरे बांधणारा एक कंत्राटदार सेबॅस्टियन गावाजवळच्या या किनाऱ्यावर वादळानंतर फिरू लागला. इतरांप्रमाणे त्यालाही काळी नाणी मिळाली. पण तो ती खिशात घालून थांबला नाही. त्याने ती घासली, मांडली, निरखली. निरनिराळी साले निघाली. मात्र एकाही नाण्यावर 1715 नंतरचे साल नव्हते. असे का? एवढाच त्याचा प्रश्न.

जाणकारांनी सांगितले की, 1715 चा तांडा इथे नव्हे, दीडशे मैल दक्षिणेला बुडाला. वॅग्नर शिकलेला पंडित नव्हता. पण हातातले नाणे खोटे कसे म्हणावे? त्याचा एक डॉक्टर मित्र होता, केल्सो. तो ग्रंथालये धुंडाळू लागला. वॉशिंग्टनच्या मोठ्या ग्रंथालयात त्याला बर्नार्ड रोमन्स याचे 1775 सालचे पुस्तक सापडले. त्यातल्या नकाशावर सेबॅस्टियन नदीसमोरच तांड्याच्या नाशाची नोंद होती. शिवाय पूर्वेचा जोराचा वारा सुटला की किनाऱ्यावर चांदीची नाणी मिळतात, हेही लेखकाने टिपून ठेवले होते. जे शोधायचे, ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवले होते. वाचणारा हवा होता!

मग वॅग्नरने लष्कराच्या जुन्या सामानातून एक धातुशोधक यंत्र स्वस्तात मिळवले. दांड्याच्या टोकाशी असलेल्या तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज वाहते, भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि खाली धातू आला की त्यात फरक पडून कानातल्या श्रवणयंत्रात आवाज उमटतो. असे हातात धरायचे यंत्र जोझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने दुसऱ्या महायुद्धात तयार केले. 1942 साली एल अलामेनच्या लढाईत वाळूत पेरलेले सुरुंग त्याने हुडकले. वाळूतले मरण शोधायला जन्मलेली ही विद्या आता वाळूतला इतिहास शोधू लागली.

त्या यंत्राने आधी दाखवले ते लोखंडी खिळे आणि तोफेचे गोळे. खजिन्याच्या हावेने आलेला माणूस कपाळाला हात लावून परत गेला असता. वॅग्नरने ओळखले की हीच ती छावणी. तेथे वाचलेल्या माणसांनी दिवस काढले होते. खापऱ्या निघाल्या, एक हिऱ्याची अंगठीही निघाली. पुढे साथीदार मिळाले, सरकारी परवाना मिळाला आणि समुद्रतळ तपासला गेला. 1964 साली तर सोन्याची हजाराहून अधिक नाणी हाती लागली. वॅग्नर 1972 साली वारला. छावणीच्या जागी आज संग्रहालय आहे आणि त्या किनाऱ्याला ‘खजिन्याचा किनारा’ म्हणतात. वादळ ओसरले की कानाला श्रवणयंत्रे लावलेली माणसे अजूनही तिथे वाळू हुंगत फिरताना दिसतात.

लक्ष्मी समुद्रातून वर आली, अशी आपली कथा. पण त्याच मंथनातून हलाहलही आले होते. या सोन्याबरोबरही हजार माणसांचा आकांत वर आला. नाणे सापडणे हे वादळाच्या हाती आहे. ते कुणाचे, कुठले, कधीचे, हे विचारणे मात्र आपल्या हाती आहे. नाहीतर सोने घरी येते आणि माणसे समुद्रातच राहतात.

तेव्हा, वाचकहो, यंदा पूजेचा रुपया डबीत ठेवण्यापूर्वी क्षणभर समईजवळ धरा. मुलांना जवळ बोलवा. त्याच्यावरचे साल मोठ्याने वाचायला लावा, आणि तो घरात कुणी आणला, कोणत्या कष्टाने आणला, ते त्यांना सांगा. तुम्हालाच ठाऊक नसेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मात्र आजच विचारा.