प्रस्तावना: रुग्णालयाचे पाणी आणि त्याचा करार

उमरखेड तालुक्याला बॉयलर नवा नाही. पोफाळीच्या वसंत सहकारी साखर कारखान्यामुळे ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ म्हणजे काय, हे इथल्या ऊस उत्पादकाला सांगावे लागत नाही. रुग्णालयाचा बॉयलर मात्र कुणाच्या नजरेस पडत नाही. तो मागच्या शेडमध्ये असतो आणि त्याच्या वाफेवर शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक होतात, चादरी धुतल्या जातात, रुग्णांचे जेवण शिजते. लहान रुग्णालयाचे काम विजेच्या ऑटोक्लेव्हवर भागते. पण इथला अत्यवस्थ रुग्ण नांदेडला किंवा यवतमाळला हलवावा लागतो तो मोठ्याच रुग्णालयात, आणि अशा रुग्णालयाचा पसारा वाढला की बॉयलरच्या जोडीला वातानुकूलनाचे कूलिंग टॉवर येतात. या दोहोंच्या पाण्याची निगा कंत्राटाने कशी घ्यावी, हा या पुस्तिकेचा विषय आहे. नव्याने या कामात येणाऱ्या अभियंत्याचे, भांडारपालाचे आणि लेखा लिपिकाचे इथे मनापासून स्वागत.

पैनगंगेच्या या खोऱ्यात काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे. बोअरचे पाणी त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येते. लोक त्याला सरळ ‘जड पाणी’ म्हणतात. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस 10500, लिटरमागे 200 मिलिग्रॅम हार्डनेस स्वीकारते. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेते. बॉयलरला मात्र ती जवळजवळ शून्य लागते. नळ्यांवर मिलिमीटरभर क्षाराचा थर बसला तरी इंधन 5 ते 8 टक्के जास्त जळते.

म्हणून बॉयलरआधी सॉफ्टनर बसवतात. त्याची परीक्षा अगदी साधी आहे. परीक्षानळीत थोडे पाणी घ्यावे, बफरचे थेंब टाकावेत, मग इंडिकेटर. पाणी निळे झाले तर सॉफ्टनर काम करतो आहे. जांभळट लाल दिसले तर मीठ घालून रिजनरेशन करायची वेळ झाली. हे दोन मिनिटांचे काम प्रत्येक पाळीत व्हायलाच हवे, आणि ते रुग्णालयाच्याच माणसाने करायला हवे. महिन्यातून एकदा येणाऱ्या कंत्राटदाराच्या प्रतिनिधीवर ते सोपवणे मला धोक्याचे वाटते.

कूलिंग टॉवरमध्ये पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. तासाला 600 लिटर बाष्पीभवन होत असेल आणि क्षार तिप्पट होईपर्यंतच पाणी फिरवले, तर 300 लिटर ब्लोडाऊन, म्हणजे क्षार साठलेले पाणी, सोडावे लागते. चांगल्या उपचाराने पाचपट झेपले, तर 150 लिटर पुरते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला हा फरक समजावून सांगायला नको.

पण टॉवरचा खरा धोका वेगळा आहे. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि टॉवरच्या तुषारांबरोबर श्वासात जातो. 1976 मध्ये फिलाडेल्फियातील माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची साथ उद्भवली, तिच्या तपासात तो सापडला. 2002 मध्ये इंग्लंडच्या बॅरो शहरात नगर परिषदेच्या कलाकेंद्रातील टॉवरमुळे सात जण दगावले. तिथल्या नव्या देखभाल करारातून पाणी-उपचाराचे कामच गळले होते; 2006 मध्ये परिषदेला सव्वा लाख पौंडांचा दंड झाला. रुग्णालयात तर प्रतिकारशक्ती खालावलेली माणसे टॉवरच्या आसपासच असतात.

आपल्याकडे निविदा बहुधा रसायनाच्या किलोमागच्या दरावर निघते. त्यात जास्त रसायन खपवणाऱ्याचा फायदा होतो. ठोक रकमेवर दिली, तर कमी टाकणाऱ्याचा. दोन्हीवर उपाय एकच: देयक पाण्याच्या आकड्यांशी बांधावे. हार्डनेस, पीएच, टीडीएस, टॉवरमधील जिवाणूंची संख्या, या प्रत्येकाची मर्यादा करारात लिहावी आणि नमुना तटस्थ प्रयोगशाळेत पाठवण्याचा हक्क राखून ठेवावा. वाफ उपकरणांना थेट लागत असल्याने बॉयलरमध्ये पडणाऱ्या प्रत्येक रसायनाचे घटक लेखी मागावेत. 1923 च्या बॉयलर कायद्याची जागा आता बॉयलर अधिनियम, 2025 ने घेतली आहे. त्याखालील वार्षिक तपासणीसाठी बॉयलर उघडला जाईल तेव्हा कंत्राटदाराने हजर राहून आतला पत्रा आणि नळ्या स्वतः पाहाव्यात, अशी अट जरूर घालावी.

पहिले प्रकरण पाणी-तपासणीचे आहे. ते वाचायला घेण्यापूर्वी आपल्या बोअरचे आणि नळाचे पाणी वेगवेगळे तपासून अहवाल हाताशी ठेवावेत; पुढची सगळी उदाहरणे त्या आकड्यांवर सोडवून पाहता येतील.