लोणारच्या खाराचें सूत्र

अबुल फजलनें सोळाव्या शतकाच्या अखेरीस ऐने-अकबरींत वऱ्हाडचें वर्णन करतांना, कांच व साबण यांस लागणारीं द्रव्यें लोणारास मिळतात असें नमूद केलें आहे. हीं द्रव्यें कोणतीं? जुन्या कागदांत ‘खार’ हा शब्द अनेक पदार्थांस लाविलेला आढळतो. नुसत्या नांवावरून निर्णय होत नाहीं. येथें पृथक्करणाची साक्ष घ्यावी लागते. ला तूश व ख्रिस्ती यांचा लोणारविषयक शोधलेख भूगर्भखात्यानें १९१२ सालीं प्रसिद्ध केला.

लोणारच्या खारांत ट्रोना हें द्रव्य प्रमुख आहे. शुद्ध ट्रोनाच्या शंभर भागांत सोडियम ३०.५, कार्बन १०.६, ऑक्सिजन ५६.६ व हायड्रोजन २.२ भाग असतात. या अंकांस अनुक्रमें २३, १२, १६ व १ या अणुभारांनीं भागिलें असतां १.३३, ०.८८, ३.५४ व २.२ येतात. पुन्हा सर्वांस ०.८८ नें भागिलें कीं सुमारें १.५, १, ४ व २.५ हें प्रमाण निघतें. अर्धा अणु संभवत नाहीं, म्हणून दुप्पट करावी: ३, २, ८, ५.

दीडाचे दोन केले तर सोडियम व कार्बन यांचें प्रमाण धुण्याच्या सोड्याचें होतें. एक केला तर खाण्याच्या सोड्याचें. ट्रोना या दोहोंच्या मधला आहे. मात्र नमुन्यांत मीठ मिसळलेलें असल्यास हें गणित फसतें. तें आधीं वेगळें काढावें. शिवाय सूत्रावरून अणूंचें प्रमाण कळतें, मांडणी नव्हे. कागदांतील शब्द आणि हातांतील खडा यांची सांगड घालतांना संशोधकानें एवढी सावधगिरी राखिलीच पाहिजे.